२५२० चं ‘गूढ’: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

डिसेंबरात २२ तारखेचा राष्ट्रीय गणित दिवस जवळ आला की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. बेळगावातल्या पालकांच्या ग्रुपवर, खानापूरकडच्या शिक्षकांच्या ग्रुपवर, निपाणी-चिकोडीच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर, कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये. त्याचा सारांश असा:

‘२५२० ही जगातली सर्वात विचित्र संख्या आहे. १ ते १० या सगळ्या अंकांनी पूर्ण भाग जाणारी ही एकमेव संख्या. अशी संख्या असूच शकत नाही असं जगभरच्या गणितज्ञांना वाटत होतं. सम असो की विषम, कुठलाच अंक बाकी ठेवत नाही! आपल्या रामानुजन यांनी ती शोधून काढली. तिचं गुपित: ७ × ३० × १२ = २५२०, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस आणि वर्षाचे महिने. या संख्येचं गूढ आजवर कुणालाही उलगडलेलं नाही.’

खाली हात जोडलेली चिन्हं आणि पुढे पाठवण्याची विनंती.

गणित शिकवण्यात माझी हयात गेली. हा मेसेज वाचून मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल असतं, आणि तेवढ्यासाठी मेसेज पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या कुतूहलाला हा मजकूर जे खायला घालतो ते निकस आहे. सहावीच्या पोराला पाटीवर दहा मिनिटांत समजेल अशा गोष्टीला तो गूढ म्हणतो, आणि जे खरोखर गूढ आहे त्याचा त्यात उल्लेखही नाही. रामानुजन यांना न केलेल्या कामाचं श्रेय देऊन त्यांनी केलेलं काम तो झाकून टाकतो. म्हणून एकेक दावा घेतो.

आधी जे बरोबर आहे ते. २५२० ला १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जातो, यात शंका नाही. २ ने १२६०, ३ ने ८४०, ४ ने ६३०, ५ ने ५०४, ६ ने ४२०, ७ ने ३६०, ८ ने ३१५, ९ ने २८०, १० ने २५२. मेसेजमधले भागाकार अचूक असतात. आणखी एक गोष्ट खरी आहे, पण ती मेसेजमध्ये नाही: असा भाग जाणाऱ्या संख्यांत २५२० सर्वात लहान आहे. सगळं महत्त्व या ‘सर्वात लहान’ला आहे. ते गाळलं आणि त्याच्या जागी ‘एकमेव’ घातलं, तिथे मजकूर खोटा झाला.

‘एकमेव संख्या’

२५२० ची दुप्पट ५०४०. जो अंक २५२० ला पूर्ण भागतो तो तिच्या दुपटीलाही भागणारच. तिप्पट ७५६०, चौपट १००८०, सगळ्यांचं तेच. एका मुलीनं हे ऐकल्या ऐकल्या म्हटलं होतं, ‘सर, मग २५२० चा पाढा म्हटला की झालं की!’ अगदी तेच. एक लाखाच्या आतच अशा ३९ संख्या आहेत, आणि पुढे त्यांना अंत नाही. उलटही खरं आहे: १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी कुठलीही संख्या घ्या, ती २५२० च्या पाढ्यातच सापडते. हा दावा एवढ्यावरच संपतो.

‘अशी संख्या असूच शकत नाही असं वाटत होतं’

असं कुठल्याही गणितज्ञाला कधीही वाटणं शक्य नाही. १ × २ × ३ असं करत १० पर्यंत गुणत जा. उत्तर येतं ३६२८८००. या गुणाकारात प्रत्येक अंक आत बसलेलाच आहे, तेव्हा प्रत्येकानं भाग जाणारच. अशी संख्या आहे का हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न असतो तो हा, की यापेक्षा लहान कुणी आहे का? ३६२८८०० मध्ये किती फाफटपसारा आहे पाहा: ती २५२० च्या १४४० पट आहे.

हा पसारा कसा काढायचा ते मी फळ्यावर असं दाखवतो. १ पासून निघायचं आणि प्रत्येक अंकाला विचारायचं, ‘तुला लागणारं सगळं आधीच आलंय का?’ २ आला, त्याला २ हवा, घेतला. ३ आला, त्याला ३ हवा, घेतला, झाले ६. ४ ला दोन वेळा २ लागतो, आपल्याकडे एकच आहे, म्हणून आणखी एक घेतला, झाले १२. ५ नवा, झाले ६०. आता ६ आला. त्याला एक २ आणि एक ३ हवा, दोन्ही आहेत, काही द्यायला नको. ७ नवा, झाले ४२०. ८ ला तीन वेळा २ हवा, दोन आहेत, आणखी एक दिला, ८४०. ९ ला दोन वेळा ३ हवा, एक आहे, आणखी एक दिला, २५२०. आणि १०? त्याचे २ आणि ५ कधीचेच आलेत. म्हणजे १ ते ९ ची गरज भागवता भागवता १० ची आपोआप भागली.

शेवटी हातात येतं ते असं: २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७. बास. यालाच आपण लसावि म्हणतो, लघुतम सामाईक विभाज्य, आणि अपूर्णांकांची बेरीज शिकताना हा धडा मराठी माध्यमाच्या वर्गात होतो तसाच शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वर्गातही होतो. ज्या मुलानं तो नीट केला त्याच्या वहीत २५२० कधीच येऊन गेलेली असते.

मजा पुढे आहे. १० वर थांबायचं कारण काय? ११ नवा, २५२० चे झाले २७७२०. १२ ला काही द्यायला लागत नाही. १३ नवा, ३६०३६०. १४ आणि १५ फुकट. १६ ला चौथा २ लागतो, ७२०७२०. १७ नवा, १२२५२२४०. १८ फुकट. १९ नवा, २३२७९२५६०. २० फुकट. म्हणजे १ ते २० सगळ्यांनी भाग जाणारी सर्वात लहान संख्या आहे २३ कोटी २७ लाख ९२ हजार ५६०. मुलांना इथे एक गोष्ट आपोआप दिसते: उडी फक्त तेव्हाच पडते जेव्हा नवी मूळ संख्या येते किंवा मूळ संख्येचा वर्ग, घन असा एखादा घात येतो. ४, ८, ९, १६ ला उडी. ६, १०, १२, १४, १५ ला नाही. या उड्यांचा वेग मोजणं आणि मूळ संख्या किती दाटीनं येतात ते मोजणं हा मुळात एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर, मूळ संख्यांचं प्रमेय, १८९६ साली अदामार आणि द ला व्हाले-पूसँ या दोघांनी वेगवेगळं सिद्ध केलं. सहावीच्या लसाविपासून निघालेली वाट तिथवर जाते, हे मुलांना सांगायला मला फार आवडतं.

या सगळ्यात अडचणीचा अंक ७ आहे हे लक्षात घ्या, कारण तो दुसऱ्या कुणाच्या मदतीनं येत नाही. हे पाहायला पुस्तक नको, आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये जा. मिलिंग मशीनवर गिअरचे दात पाडताना जॉब, म्हणजे ज्यावर दात पाडायचे तो तुकडा, सारख्या कोनात फिरवत न्यायला डिव्हायडिंग हेड लावतात. त्याचं हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो. ८ दात पाडायचे तर दर दाताला हँडलचे ५ फेरे, १० पाडायचे तर ४ फेरे. ४० चे मूळ अवयव तीन वेळा २ आणि एक ५, त्यामुळे इथवर सगळं सरळ. पण ७ दात पाडायचे तर? ४० ला ७ ने भाग जात नाही. ५ पूर्ण फेरे आणि वर एका फेऱ्याचा पाच सप्तमांश उरतो. म्हणून हँडलमागे भोकं पाडलेली इंडेक्स प्लेट असते. तिच्यावरचं २१ भोकांचं वर्तुळ निवडायचं, ५ फेरे घ्यायचे आणि वर १५ भोकं पुढे जायचं. ९ दातांसाठी २७ भोकांचं वर्तुळ: ४ फेरे आणि १२ भोकं. ४० मध्ये नसलेले ३ आणि ७ या प्लेटनं बाहेरून आणून दिले. आता असं धरा की कुणी ६३ भोकांचं वर्तुळ पाडलं. ६३ म्हणजे ३ × ३ × ७. ४० फेरे गुणिले ६३ भोकं, जॉबच्या एका पूर्ण फेऱ्यात नेमके २५२० टप्पे! १ ते १० पैकी कितीही दात त्या एकाच वर्तुळावर पाडता येतील. त्या मशीनवर काम करणारा माणूस याला गूढ म्हणणार नाही. कुठला अवयव कमी पडतोय ते त्याला रोज बघावंच लागतं.

‘रामानुजन यांनी शोधून काढली’

२५२० कुणी ‘शोधली’ असं म्हणताच येत नाही. पण ज्या कल्पनेतून ती निघते तिचं वय पाहा. ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, दिलेल्या संख्यांनी भाग जाणारी सर्वात लहान संख्या काढण्याची रीत सिद्धतेसकट आहे. त्याच्याही आधी प्लेटोनं ‘नियम’ या संवादात आदर्श नगरीची कुटुंबं ५०४० असावीत असं सांगितलं. कारण दिलं ते हेच: तिचे भाग पाडायचे ५९ प्रकार आहेत आणि त्यात १ ते १० सलग येतात. (५०४० ही स्वतः धरून साठ विभाजक होतात.) ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट. ५०४० ला १२ पर्यंतच्या अंकांपैकी फक्त ११ ने भाग जात नाही, हेही प्लेटोच्या ध्यानात आलं होतं, आणि दोन कुटुंबं वजा केली की तोही जातो असं त्यानं नोंदवलं. खरंच, ५०३८ म्हणजे ११ × ४५८.

आणि आपल्या बाजूचं सांगायचं तर ते याहून जवळचं आहे. नवव्या शतकात, इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या आश्रयाला महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात अपूर्णांकांची बेरीज करण्यासाठी छेदांचा लसावि घ्यायची रीत स्पष्ट दिलेली आहे. त्याला त्यांनी ‘निरुद्ध’ म्हटलं. ज्याला गणितात आपल्या मातीचा अभिमान शोधायचा आहे त्याला याच कर्नाटकात, अकराशे वर्षांपूर्वी, २५२० काढायची रीत लिहिलेली सापडते. खोटी गोष्ट रचायची गरज काय? महाराष्ट्राकडे पाहायचं तर देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर आहेत. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मांडला, तो त्यांचाच. सगळे अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर (ते तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून) पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. हे श्रेय पूर्ण खरं आहे आणि कुणीही कागदावर पडताळू शकतं.

मग रामानुजन यांचा २५२० शी काही संबंधच नाही का? आहे, आणि तो मेसेजमधल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

१९१४ साली ते केंब्रिजला पोचले. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक दीर्घ निबंध आला. याच कामावर १९१६ साली केंब्रिजनं त्यांना पदवी दिली. विषय होता ‘हायली कॉम्पोझिट’ संख्या. कल्पना अशी: १ पासून मोजत निघायचं आणि प्रत्येक संख्येला किती विभाजक आहेत ते पाहायचं. जी संख्या तोवरचा विक्रम मोडेल ती या यादीत. २ ला दोन विभाजक, ४ ला तीन, ६ ला चार, १२ ला सहा, २४ ला आठ, असं करत ६० ला बारा, ३६० ला चोवीस, १६८० ला चाळीस. आणि मग २५२० येते, अठ्ठेचाळीस विभाजक घेऊन. ते मोजायला अठ्ठेचाळीस भागाकार करावे लागत नाहीत. विभाजक बनवताना २ शून्य ते तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. ३ चे तीन पर्याय. ५ आणि ७ चे दोन-दोन. ४ × ३ × २ × २ = ४८. हिच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे पाहा. २५१९ म्हणजे ११ × २२९, तिला चारच विभाजक. २५२१ तर मूळ संख्या आहे, तिला फक्त दोन.

(२५१९ सुद्धा सोडून देण्यासारखी नाही. तिला १० ने भागा, बाकी ९. ९ ने भागा, बाकी ८. ८ ने बाकी ७, आणि असंच उतरत २ ने बाकी १. का, ते एकदा स्वतःच्या डोक्यानं काढून पाहा. २५२० माहीत असेल तर एका ओळीत उत्तर येतं.)

रामानुजन यांनी विचारलं, की विक्रम मोडणाऱ्या या संख्यांची घडण कशी असते? त्यांनी दाखवलं की अशा संख्येत २ चा घात सर्वात मोठा किंवा बरोबरीचा असतो, मग ३ चा, मग ५ चा, असे घात उतरत जातात; आणि ४ व ३६ सोडल्या तर शेवटच्या मूळ संख्येचा घात नेहमी १ असतो. पहिल्या भागाचं कारण मुलांनाही पटतं. २५२० मध्ये २ तीन वेळा, ३ दोन वेळा. यांची अदलाबदल करा, २ दोन वेळा आणि ३ तीन वेळा. संख्या होते ३७८०. विभाजक तेवढेच, ४८, पण संख्या उगाच मोठी झाली. मग ती विक्रम कशी करेल? एवढ्या साध्या निरीक्षणापासून सुरू करून ते जिथवर गेले ते वाचताना आजही ऊर भरून येतो. त्यांनी हातानं केलेली यादी ६७४६३२८३८८८०० पर्यंत, म्हणजे पावणेसात लाख कोटींच्या आसपास जाते आणि या शेवटच्या संख्येला १००८० विभाजक आहेत. एवढ्या मोठ्या यादीत एकच संख्या निसटली, २९३३१८६२५६००. हिला २३ ने गुणा: यादीतली शेवटची संख्या मिळते. कागद-पेन्सिलीवर केलेल्या या कामात चूक झाली ती एवढीच, हे पाहून त्या माणसाबद्दलचा आदर वाढतोच.

या यादीत २५२० चं स्थान खास आहे. तिच्यापुढचा विक्रम नेमका तिच्या दुपटीवर, ५०४० वर होतो. असं १, २, ६, १२, ६० आणि ३६० च्या बाबतीतही घडतं, पण २५२० नंतर पुन्हा कधीच घडत नाही. आणि दुसरं: २५२० नंतरच्या यादीतल्या प्रत्येक संख्येला २५२० ने पूर्ण भाग जातो. ५०४०, ७५६०, १००८०, १५१२०, पुढे कितीही जा. नंतरच्या सर्व विक्रमवीरांना भाग जाईल अशी, यादीतलीच, हिच्यापेक्षा मोठी संख्या नाही. एखाद्याला २५२० चं कौतुकच करायचं असेल तर त्यानं हे सांगावं.

‘सम असो की विषम’

सम आणि विषम अंकांनी एकाच संख्येला भाग जाणं यात नवल नाही. ६ ला २ नेही जातो, ३ नेही. ३० ला २, ३, ५, ६, १० ने जातो. संख्या सम असली की पुरे, मग विषम अवयव हवे तेवढे घ्या.

‘७ × ३० × १२’

गुणाकार बरोबर आहे. अर्थ चुकीचा आहे.

महिन्याचे दिवस गुणिले वर्षाचे महिने, ३० × १२ = ३६०, इथवर अर्थ लागतो: ढोबळ वर्षाचे दिवस. त्याला आठवड्याच्या दिवसांनी गुणून काय मिळालं? काळाचं असं कुठलंही माप नाही जे या गुणाकारानं मोजलं जातं. ७ अशा वर्षांचे दिवस म्हणायचे तर ते ७ वर्षांचे झाले, आठवड्याचा त्यात संबंध उरत नाही.

मग उत्तर जुळलं कसं? ३६० ला फोडा: २ × २ × २ × ३ × ३ × ५. तिला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. बाहेरून ७ आणला की २५२० होणारच, तो ७ आठवड्यातून आणा नाहीतर इंद्रधनुष्यातून. ३६० सुद्धा अशी सोयीची का निघाली? सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांच्या आसपास, चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांच्या आसपास. या दोन्हींच्या मधे, भागायला अतिशय सोपी अशी ३६० आहे, म्हणून जुन्या काळी अनेकांनी ती धरली; वर्तुळाचे अंशही आपण तेवढेच मानतो. आठवड्याचा ७ तर वेगळ्याच वाटेनं आला, आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या सातांवरून. वार त्यांच्याच नावांचे आहेत.

आणि खरं वर्ष घेतलं तर हे सगळं कोसळतं. ७ × ३६५ = २५५५, म्हणजे ५ × ७ × ७३; तिला २ नेही भाग जात नाही, ३ नेही नाही. महिना ३१ चा धरा, ७ × ३१ × १२ = २६०४, तिला ५ ने जात नाही. आपलं पंचांग हे जाणतं. चांद्रमासात ३० तिथी असल्या तरी त्याचे दिवस साधारण साडेएकोणतीस भरतात, म्हणून तर तिथीचा क्षय होतो आणि वर्षाचा मेळ बसवायला अधिक महिना घालावा लागतो. घरात कालनिर्णय लटकत असताना महिन्याला नेमके ३० दिवस धरून काळाचं गुपित सांगायचं, हे आपल्याच पंचांगावर अन्याय करणारं आहे.

‘आजवर कुणालाही न उलगडलेलं’

१ ते १० ने भाग जाण्यात काही न उलगडलेलं नाही, ते वर फळ्यावर उलगडून झालं. पण २५२० ज्याच्या उंबरठ्यावर उभी आहे असं एक खरं कोडं आहे, आणि तिथे पुन्हा रामानुजनच भेटतात.

आता विभाजक मोजायचे नाहीत, त्यांची बेरीज करायची. ६ चे विभाजक १, २, ३, ६, बेरीज १२. २५२० च्या अठ्ठेचाळीस विभाजकांची बेरीज ९३६०. ही बेरीज संख्येच्या तुलनेत किती मोठी होऊ शकते? यासाठी प्रत्येक संख्येला नैसर्गिक लॉगॅरिदम (e हा पाया असलेला) वापरून एक मर्यादा काढता येते: संख्येच्या लॉगचा पुन्हा लॉग घ्यायचा, त्याला संख्येनं आणि सुमारे १.७८१ या ठरावीक स्थिरांकानं गुणायचं. २५२० साठी ही मर्यादा सुमारे ९२३८ येते, आणि बेरीज आहे ९३६०. म्हणजे २५२० मर्यादा ओलांडते. ५०४० साठी मर्यादा सुमारे १९२३७, बेरीज १९३४४, तीही ओलांडते. पुढे १००८० ची बेरीज ३९३१२, पण मर्यादा साडेएकोणचाळीस हजारांच्या वर; ती ओलांडत नाही. २७७२० नाही, २३२७९२५६० नाही. मर्यादा मोडणाऱ्या ज्ञात संख्या मोजक्या आहेत, त्यांच्या यादीत २५२० शेवटून दुसरी आणि ५०४० शेवटची.

१९१५ च्या निबंधाचा बराच भाग सोसायटीच्या पैशाच्या अडचणीमुळे तेव्हा छापलाच गेला नाही. त्या न छापलेल्या भागात रामानुजन यांनी दाखवलं होतं की जर्मन गणिती रीमान यांचं अनुमान (मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत त्याच्याशी निगडित, अजून सिद्ध न झालेलं) खरं असेल, तर पुरेशा मोठ्या सर्व संख्यांची बेरीज या मर्यादेच्या आतच राहते. ती पानं संपादित रूपात १९९७ साली प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, १९८४ साली, फ्रेंच गणिती गी रोबँ यांनी संपूर्ण गोष्ट सिद्ध केली: ५०४० च्या पुढची प्रत्येक संख्या मर्यादेच्या आत राहते हे म्हणणं आणि रीमान यांचं अनुमान खरं आहे हे म्हणणं एकच. रीमान यांनी ते १८५९ साली मांडलं. २००० साली क्ले इन्स्टिट्यूटनं त्याच्या सिद्धतेला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून तसंच आहे.

५०४० च्या पुढची एक जरी संख्या ही मर्यादा ओलांडताना सापडली तर रीमान यांचं अनुमान त्याच क्षणी खोटं ठरेल. तशी संख्या आजवर सापडलेली नाही, आणि ती कधीच सापडणार नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.